उतारावर घर आणि खाली भाड्याचा ब्लॉक: या चुका टाळा

उताराचा प्लॉट घेतला की आपल्याकडे बहुतेकांचा पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. तापीच्या खोऱ्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या सपाट जमिनीवर घरं बांधत आलो, त्यामुळे प्लॉट म्हणजे समतल चौकोन हेच डोक्यात बसलेलं असतं. पण गावं वाढली आणि लोक नाल्याकाठच्या चढावर, टेकडीच्या अंगाला, यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, चाळीसगावकडे डोंगराच्या कुशीत, साक्री-पिंपळनेरच्या पट्ट्यात बांधायला लागले. वर आपण राहायचं, खालचा ब्लॉक भाड्याने देऊन कर्जाच्या हप्त्याला हातभार लावायचा, असा हिशेब असतो. हिशेब उत्तम आहे, आणि उताराइतकी त्याला साथ देणारी दुसरी जागा नाही. मात्र त्यासाठी उतार जागेवर राहिला पाहिजे.

प्लॉट सपाट करून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून ती नीट समजून घ्या.

समजा प्लॉट १८ मीटर खोल आहे आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ३ मीटर उतरतो. हा एकास सहा उतार झाला. आता ३ मीटर म्हणजे नेमकी एका मजल्याची उंची. रस्ता वरच्या बाजूला असेल तर रस्त्यावरून सरळ पाऊल टाकून तुम्ही तुमच्या घरात जाता, आणि खालच्या टोकाला भाडेकरू त्याच्या अंगणातून सरळ त्याच्या ब्लॉकमध्ये शिरतो. दोन मजले, दोन दारं, घरात सामाईक जिना नाही, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना एकही पायरी चढावी लागत नाही. सपाट जमिनीवर ही सोय पैसे ओतूनही मिळत नाही.

जेसीबीवाला काय करतो? वरचा अर्धा भाग खणतो, निघालेली माती खालच्या अर्ध्यात लोटतो आणि त्यावर दोन-चार फेऱ्या मारून देतो. अर्धं घर पक्क्या मुरमावर आणि अर्धं सैल भरावावर उभं राहतं. दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतो, मूळ जमीन बसत नाही, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे जमिनीपासून स्लॅबपर्यंत तडा जातो. तो तडा प्लॅस्टरने कधीच मिटत नाही, कारण दोष भिंतीचा नसतो.

योग्य पद्धत अशी: नकाशा काढायच्या आधी प्लॉटचा कंटूर सर्व्हे करून घ्या, अर्ध्या मीटरच्या पातळीरेषांसह. मग आर्किटेक्टकडून आधी घराचा उभा छेद, म्हणजे घर आणि जमीन वरपासून खालपर्यंत कापल्यासारखं बाजूने दाखवणारं चित्र, काढून घ्या, खोल्यांची मांडणी नंतर. आपल्याकडे वास्तू, दिशा, हॉल केवढा यावर महिनाभर चर्चा होते आणि छेद शेवटी काढला जातो. उतारावर हा क्रम उलटा हवा. प्रत्येक फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा रुंद तळ, भराव ओलांडून मूळच्या कडक मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेलंच पाहिजे, पायऱ्या-पायऱ्यांनी. उताराच्या बाजूला फुटिंगच्या खालच्या कडेपासून बाहेरच्या उतारापर्यंत आडवं अंतर मातीत किमान ९० सेंटिमीटर आणि खडकात ६० सेंटिमीटर ठेवावं, असं पायाच्या बांधकामासाठीचं आयएस १९०४ या क्रमांकाचं भारतीय मानक सांगतं. ठेकेदाराला हे आकडे कागदावर द्या, तोंडी सांगू नका.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत डोंगरउताराच्या जमिनीसाठी एकास पाच ही महत्त्वाची रेषा आहे. त्याहून तीव्र उतार असेल तर व्यवहार करण्याआधीच नगररचना कार्यालयात जाऊन विचारा. यावल अभयारण्य किंवा गौताळा-औट्रमघाट अभयारण्याजवळ प्लॉट असेल तर वनविभागाकडेही चौकशी करा. धडगाव-तोरणमाळकडे जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला ती परस्पर घेता येत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ तिथे लागू होतं. ‘आपला माणूस आहे, होऊन जाईल’ या शब्दावर इसार देऊ नका.

पाणी एप्रिलमध्ये शोधणं

खानदेशात पाऊस बेताचा, म्हणून पाण्याची भीती कोणाला वाटत नाही. पण तो बेताचा पाऊसही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच कोसळतो, आणि कधी कधी एका रात्रीत. शिवाय आपला खडक थरांचा आहे. काळ्या पाषाणाचा एक थर, त्याखाली झिजलेला सच्छिद्र थर, मध्येच लाल मऊ मातीची पट्टी. पाणी वरून मुरतं, त्या पट्टीशी अडतं आणि तिच्या कडेकडेने बाहेर येतं. एप्रिलमध्ये खणलेली बाजू हाडासारखी कोरडी दिसते. ऑगस्टमध्ये तिथूनच झरा लागतो, आणि तो नेमका भाडेकरूच्या बेडरूममागे असतो.

म्हणून जमलं तर एक पावसाळा प्लॉट बघा. नाही जमलं तर शेजारच्या विहिरीची पावसाळ्यातली पातळी विचारा आणि आसपास खणलेल्या कड्यांवर लाल पट्टी दिसते का ते पाहा.

आता संरक्षक भिंत, म्हणजे खणलेल्या बाजूची माती अडवून धरणारी भिंत. ३ मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा आडवा दाब येतो. त्याच मुरमात पाणी साचून राहिलं तर तो सहा टनांच्या घरात जातो. भिंत तीच, लोखंड तेच, फक्त पाण्याला वाट नाही एवढ्यावर दाब दुपटीहून जास्त. म्हणून कोसळलेल्या भिंतीजवळ ‘सिमेंट कमी घातलं असेल’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, पाणी निघायची छिद्रं कुठे होती?

भिंतीमागे किमान फूटभर रुंद खडीचा थर हवा. खडी आणि मातीच्या मध्ये गाळणीचं कापड हवं, तळाशी छिद्रांचा पाइप हवा आणि भिंतीत दीड-दोन मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटरची छिद्रं हवीत. मागे भरायला खणलेली काळी माती अजिबात वापरू नका. ती पाण्याने फुगते आणि भिंतीला वेगळाच रेटा देते. उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट भिंतीच्या पायाशी जातं. ती माती बागेत टाका, पण बागही भिंतीच्या लगेच वर नको. गच्चीचं पाणी भिंतीमागे सोडणं आणि जमिनीखालची पाण्याची टाकी भिंतीच्या वरच्या अंगाला बांधणं, हेही तितकंच घातक. प्लॉटच्या वरच्या हद्दीला एक चर खणून डोंगराचं पाणी घराच्या बाजूने खाली न्या. मात्र ते खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात सोडू नका.

घराची भिंतच संरक्षक भिंत करणं

जागा वाचवायला खालच्या ब्लॉकची मागची भिंत थेट डोंगराला टेकवतात. मग ती खोली तीन बाजूंनी बंद, भिंतीला ओल, आणि सप्टेंबरपर्यंत भाडेकरू कपाट पुढे ओढून बुरशी दाखवायला लागतो. परवडत असेल तर संरक्षक भिंत वेगळी बांधा आणि तिच्या व घराच्या मध्ये मीटरभर मोकळा बोळ सोडा. बोळातून वारा फिरतो, मोरी आणि स्वयंपाकघराला खिडकी मिळते आणि भिंतीतून झिरपलेलं पाणी बोळातल्या नालीने निघून जातं. मीटरभर जागेच्या बदल्यात ब्लॉक राहण्याजोगा होतो. माझ्या मते ही एवढी एक गोष्ट केली तरी भाडेकरू टिकतो.

उन्हाचाही विचार इथेच करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मागे डोंगर असलेली खालची खोली वरच्यापेक्षा गार राहते. भाडेकरूला हे आवर्जून सांगा. पण दर्शनी बाजू कुठे उघडते ते महत्त्वाचं. रावेर, यावल, चोपड्याला सातपुडा उत्तरेला, म्हणून पायथ्याचे उतार बहुतेक दक्षिणेकडे उतरतात. आपल्या अक्षांशावर मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो आणि थंडीत ऊन आत येतं. चाळीसगावकडे डोंगर दक्षिणेला, उतार उत्तरेकडे. तिथे उजेड शांत मिळतो, पण थंडीत ऊन कमी आणि भिंत वाळायला वेळ लागतो. पश्चिमेकडे उतरणारा प्लॉट मात्र अवघड. तिन्हीसांजेपर्यंत ऊन आडवं घुसतं आणि छज्जा काही करू शकत नाही. तिथे जाळीची भिंत, पडवी किंवा झाडं लागतातच.

आखूड कॉलम

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ असं म्हणू नका. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि २०१६ च्या भूकंप संहितेत खानदेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. उतारावरच्या घरात डोंगराकडचे कॉलम आखूड आणि दरीकडचे लांब असतात. दोन्ही एकाच मापाचे असतील तर निम्म्या उंचीचा कॉलम आठपट ताठ असतो, त्यामुळे धक्क्याचा बहुतेक भार तोच ओढून घेतो आणि आधी तोच फुटतो. इंजिनिअरला या एका गोष्टीबद्दल स्पष्ट विचारा. उपाय आहेत: आखूड कॉलममध्ये पूर्ण उंचीभर कमी अंतरावर लोखंडी रिंगा, पायाच्या पातळ्यांना जोडणारे बीम, काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती. हे गवंड्याच्या अंदाजावर सोडायचं काम नाही.

नळ, गटार, मीटर

रस्ता वरच्या अंगाला असला की गटारही वर असतं आणि खालच्या ब्लॉकचा संडास त्याहून खाली. मग सेप्टिक टँक खालच्या टोकाला घ्यावी लागते. शोषखड्डा संरक्षक भिंतीच्या वर कधीच नको, आणि पाषाणात खणलेला शोषखड्डा पाणी शोषतच नाही. आधी खड्ड्यात पाणी भरून किती वेळात मुरतं ते बघा. वरच्या मजल्याचा आणि खालचा मैल्याचा पाइप वेगवेगळा आणून चेंबरमध्येच जोडा. एकच पाइप ठेवला आणि तो तुंबला, तर वरच्या घराची घाण खालच्या मोरीतून वर येते, आणि त्यानंतर कोणताही भाडेकरू राहत नाही.

नळाला रोज पाणी येत नाही अशी गावं आपल्याकडे बरीच आहेत, म्हणून दोन्ही घरांच्या टाक्या स्वतंत्र ठेवा. एकाच टाकीतून दोन घरं चालवली की उन्हाळ्यात पाण्यावरून भांडण ठरलेलं. वीजमीटरही वेगळं घ्या. १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर दर वाढतो, त्यामुळे एका मीटरवर दोन घरं चालली की कूलरच्या दिवसांत दोघांनाही महाग पडतं.

घर पायऱ्या-पायऱ्यांचं असेल तर खालच्या ब्लॉकचं छप्पर म्हणजे तुमचं अंगण. तिथे बिबडे-कुरडया वाळतील, उन्हाळ्यात माणसं झोपतील, म्हणजे ते छप्पर कायम वापरात राहणार. पाण्याला शंभरास एक उतार, भिंतीच्या कडेला गोलाई आणि मोठा निचरा पाइप याशिवाय फरशी बसवू नका. वरून भाडेकरूच्या अंगणात थेट नजर पडणार नाही एवढा कठडाही उंच करा. आणि करार नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे.

घर आधीच बांधलंय तर

तड्याची दिशा बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, पायऱ्यांसारखा जाणारा तडा म्हणजे पाया बसतोय. संरक्षक भिंतीच्या मधोमध आडवा तडा म्हणजे मागून दाब आहे. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. ती तुटली तर हालचाल चालूच आहे. भिंतीच्या खालच्या भागात पांढरा लोणा धरला असेल तर रंग देऊ नका, आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

जोराचा पाऊस चालू असताना भिंतीची छिद्रं कोरडी दिसली तर खूश होऊ नका, ती बहुधा तुंबलेली असतात. मे महिन्यात सळई घालून साफ करा आणि गरज असेल तर नवी छिद्रं पाडून घ्या. भिंत बाहेर झुकलेली किंवा फुगलेली दिसली तर पुढून टेकू देऊन भागत नाही. खालचा ब्लॉक त्याच दिवशी रिकामा करा, वरून येणारं पाणी दुसरीकडे वळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघेपर्यंत भिंतीमागची माती कोणालाही काढू देऊ नका.