विल आणि लुक इनटूच्या मध्ये कोण बसतं?

‘वुई विल लुक इनटू द मॅटर’ हे वाक्य मी नोकरीत असताना किती वेळा टाइप केलं असेल, त्याला हिशेब नाही. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत क्लेम्सच्या पत्रव्यवहाराचं टेबल माझ्याकडे होतं. आता निवृत्त होऊन गिरगावात घरीच असते, तरी इंग्रजीने पाठ सोडलेली नाही. चाळीतली पोरं मेल पाठवण्याआधी फोन माझ्यापुढे धरतात, “काकू, जरा बघा ना.” स्पेलिंग बहुतेक ठीक असतं, ते फोनच दुरुस्त करतो. घोळ असतो तो ॲडव्हर्बच्या, म्हणजे क्रियाविशेषणाच्या, जागेचा. डेफिनेटली, ऑलवेज, प्रॉपरली, ओन्ली ही मंडळी वाक्यात कुठेही टाकलेली असतात.

माझं जुनंच वाक्य घेऊ. ‘वुई विल लुक इनटू युअर कम्प्लेंट.’ विल हे मोडल, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन शक्यता, खात्री, सक्ती असला भाव जोडणारं मदतनीस क्रियापद. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, वुड आणि मस्ट हे त्याचे भाऊबंद. लुक हे क्रियापद, इनटू हे त्याच्याबरोबर येणारं प्रिपोझिशन, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखं, फक्त नामाच्या आधी येणारं. ॲडव्हर्बला इथे तीन जागा मिळू शकतात: विल आणि लुकच्या मध्ये, लुक आणि इनटूच्या मध्ये, आणि कम्प्लेंटच्या नंतर. इनटू आणि युअरच्या मध्ये मात्र प्रॉपरली, इमिजिएटली असलं काही घालू नका. आमच्या सोसायटीच्या नोटिशीत एकदा ‘मेंबर्स शुड कॉम्प्लाय विथ इमिजिएटली द नोटिस’ असं आलं होतं. विथ म्हटलं की पाठोपाठ नोटीस यायला हवी.

पहिली जागा सगळ्यात भरवशाची. खात्री सांगणारे, किती वेळा ते सांगणारे आणि ऑल्सो, स्टिल, जस्ट यांसारखे चिल्लर शब्द इथे बसतात. ‘वुई विल डेफिनेटली लुक इनटू युअर कम्प्लेंट.’ ‘यू कॅन ऑलवेज रिलाय ऑन मी.’ ‘शी माइट स्टिल अप्लाय फॉर इट.’ काही सुचलं नाही तर ॲडव्हर्ब इथे ठेवा, दहापैकी आठ वेळा सुटाल.

आपण इथे अडखळतो, त्याला कारण आहे. मराठीत ‘विसंबू शकतोस’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटून असतात, मध्ये फार तर एखादा च किंवा तर शिरतो. ‘नेहमी’ आधीच येऊन गेलेलं असतं: तू नेहमी माझ्यावर विसंबू शकतोस. तोच क्रम डोक्यात ठेवून पोरं लिहितात, ‘यू ऑलवेज कॅन रिलाय ऑन मी.’ हे व्याकरणात चूक नाही, पण वाचणाऱ्याला कॅनवर जोर ऐकू येतो. जणू समोरच्याने शंका घेतली आणि तुम्ही उलट उत्तर देताय. भांडण करायचं असेल तर अवश्य लिहा. साध्या मेलमध्ये कॅन आधी, ऑलवेज नंतर.

प्रश्नात मोडल पुढे पळतं, ॲडव्हर्ब मात्र कर्त्याच्या मागे राहतो. दादरच्या फलाटावर ‘शुड आय स्टिल वेट फॉर द फास्ट ट्रेन?’ असं विचारायचं.

नकारात थोडं सांभाळा. वोन्ट असेल तर प्रॉबेब्ली त्याच्या आधी: ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट ॲग्री टू धिस.’ आणि रिअलीची जागा बदलली तर अर्थच बदलतो. ‘आय रिअली कान्ट रिलाय ऑन हिम’ म्हणजे त्याच्यावर विसंबायचा प्रश्नच नाही. ‘आय कान्ट रिअली रिलाय ऑन हिम’ म्हणजे माणूस वाईट नाही, पण पूर्ण भरवसा टाकावा असाही नाही. कुणाबद्दल शिफारसपत्र लिहीत असाल तर या दोन्हींत त्याच्या नोकरीएवढं अंतर आहे.

आता दुसरी जागा, क्रियापद आणि प्रिपोझिशनच्या मधली. ही लोकलमधल्या चौथ्या सीटसारखी आहे: जागा आहे खरी, पण सगळ्यांना बसता येत नाही. ‘कसं’ आणि ‘किती’ सांगणारे इथे मावतात. लिसन केअरफुली टू, थिंक सीरियसली अबाउट, रिलाय एन्टायरली ऑन. एरवी इंग्रजी क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये ॲडव्हर्ब सहन करत नाही, म्हणूनच ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ कानाला टोचतं. इथे मध्ये प्रिपोझिशन उभं असल्यामुळे चालून जातं. ऑलवेज, प्रॉबेब्ली यांनी मात्र इकडे फिरकू नये.

दोन्ही जागा एकाच वाक्यात भरता येतात. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. त्यात एकट्या भातसाचा साठा जवळजवळ निम्मा. स्पर्धा परीक्षेला बसणारा वरच्या मजल्यावरचा मुलगा यावर निबंध लिहीत होता, त्याला मी हे वाक्य दिलं: ‘मुंबई विल ऑलवेज डिपेन्ड हेविली ऑन भातसा.’ ऑलवेज पहिल्या जागेत, हेविली दुसऱ्या. आता अदलाबदल करून मोठ्याने वाचा: ‘विल हेविली डिपेन्ड ऑलवेज ऑन भातसा.’ जीभच अडते.

ही दुसरी जागा खरंच आहे की नाही, ते ओळखायला मी इट घालून बघते. ‘टर्न इट ऑफ’ होतं, म्हणजे ऑफ हे इथे प्रिपोझिशन नव्हे, आणि ‘टर्न क्विकली ऑफ द फॅन’ म्हणता येणार नाही. ‘लुक इट इनटू’ होत नाही, तेव्हा ‘लुक केअरफुली इनटू द मॅटर’ चालतं. इट मध्ये बसत असेल तर ॲडव्हर्बने बसू नये, एवढं पक्कं. उलट बाजूने मात्र अपवाद निघतात. लुक आफ्टर हा त्यातला एक. माझी भाची परळला नर्स आहे, परदेशी नोकरीसाठी अर्ज भरताना तिने ‘आय कॅन लुक केअरफुली आफ्टर पेशंट्स’ असं लिहिलं होतं. लुक आणि आफ्टर इतके एकजीव आहेत की मध्ये केअरफुली घातलं की वाक्य मोडल्यासारखं वाटतं. तिला तिसरी जागा दिली: ‘आय कॅन लुक आफ्टर पेशंट्स केअरफुली.’

तिसऱ्या जागेत टुमारो, हिअर असे काळ-स्थळाचे शब्द आरामात बसतात, फक्त मधलं कर्म छोटं हवं. ‘यू मस्ट अप्लाय फॉर द पोस्ट दे ॲडव्हर्टाइज्ड इमिजिएटली.’ घाई कुणाला, अर्ज करणाऱ्याला की जाहिरात देणाऱ्याला? अशा वेळी दुसरी जागाच कामाला येते: ‘यू मस्ट अप्लाय इमिजिएटली फॉर द पोस्ट दे ॲडव्हर्टाइज्ड.’

ओन्लीबद्दल मी जरा कडक आहे. मुंबईत ‘आय विल वेट फॉर यू ओन्ली’ हे आपल्या च चं इंग्रजी आहे, बोलताना खुशाल वापरा, सगळ्यांना कळतं. कागदावर नको. ‘द कंपनी शॅल ओन्ली पे फॉर हॉस्पिटल एक्स्पेन्सेस’ यातून कंपनी फक्त पैसे देईल, बाकी काही करणार नाही, असाही अर्थ निघतो. ‘शॅल पे ओन्ली फॉर हॉस्पिटल एक्स्पेन्सेस’ यात मर्यादा खर्चावर आहे. बोलताना लोक पहिलंच म्हणतात आणि आवाजावरून अर्थ लागतो. पत्राला आवाज नसतो, म्हणून माझ्या टेबलावरून ओन्ली नेहमी फॉरला चिकटूनच बाहेर पडायचं.

कर्मणी वाक्य लवकर उरकते. ‘युअर कम्प्लेंट विल डेफिनेटली बी प्रॉपरली लुक्ड इनटू.’ खात्रीचा शब्द मोडलच्या मागे, ‘कसं’ सांगणारा लुक्डच्या अगदी पुढ्यात. शुड हॅव बीन असली लांब रांग असली तरी प्रॉपरलीने लुक्डचं बोट सोडायचं नाही.

आणि हॅव टूला मोडल समजू नका. अर्थ मस्टसारखा असला तरी ॲडव्हर्ब त्याच्या आधी येतो. आमच्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट कायम चौथ्या मजल्यावर अडकलेली असते, तिच्याबद्दल तक्रार लिहायची तर ‘वुई ऑलवेज हॅव टू वेट फॉर द लिफ्ट’ असं लिहायचं.