गृहकर्ज फेडताना घराचा वर्षाचा हिशेब कसा तपासावा

गृहकर्ज असलेल्या घरात महिन्याचं गणित हप्त्याभोवती फिरतं. हप्ता गेला, बाकीचे खर्च भागले, खात्यात थोडं उरलं की महिना निभावला असं वाटतं. पण महिना निभावतोय म्हणजे कर्जही हलतंय असं नसतं, आणि हा फरक एकेका महिन्याकडे बघून कळत नाही. त्यासाठी बारा महिने एकत्र मांडावे लागतात. काम एका बैठकीचं नाही. दोन निवांत दुपारी लागतील असं धरा आणि शक्य असेल तर नवराबायकोने मिळून बसा. घर दोघांचं असेल तर आकडेही दोघांनी पाहिलेले असावेत.

आधी कागद गोळा करा

वर्षाची एक अखेरची तारीख ठरवा आणि दरवर्षी तीच ठेवा. त्या तारखेपर्यंतचे बारा महिन्यांचे सगळ्या बँक खात्यांचे उतारे, क्रेडिट कार्डाची बिलं, विमा हप्त्यांच्या पावत्या आणि गुंतवणुकीची विवरणपत्रं काढून घ्या. यात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे कर्जखात्याचा उतारा. प्रत्येक हप्त्यातलं किती व्याजात गेलं, किती मुद्दलात गेलं, शिल्लक मुद्दल किती आणि उरलेली मुदत किती, हे त्यात असतं. कर्ज मंजूर झालं तेव्हा मिळालेलं परतफेडीचं वेळापत्रकही शोधून ठेवा. ते पुढे लागेल.

जमाखर्च जुळतो का ते बघा

वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्या खात्यांत मिळून किती पैसे होते ते लिहा. त्यात वर्षाची सगळी जमा मिळवा, सगळा खर्च आणि गुंतवणूक वजा करा. आलेला आकडा शेवटच्या दिवसाच्या शिलकीशी जुळायला हवा. पहिल्या प्रयत्नात तो बहुधा जुळत नाही. दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसे खर्चात धरले जातात. किंवा कार्डावरची खरेदी एकदा धरली जाते आणि कार्डाचं बिल भरलं तेव्हा परत एकदा. या दोन चुका काढल्यावरही मोठी तफावत राहिली, तर ती बहुतेक रोखीने झालेल्या खर्चाची असते. पै पै जुळवत बसू नका. फरक वर्षाच्या खर्चाच्या एकदोन टक्क्यांत आला की पुढे चला.

खर्चाची वर्गवारीही फार बारीक नको. टाळता न येणारे, आपल्या मर्जीचे आणि वर्षातून एकदोनदाच येणारे, हे तीन गट पुरतात. तिसऱ्या गटाकडे मात्र नीट लक्ष द्या. विमा, घराचा कर, शिक्षणाची फी, डागडुजी, प्रवास, घरचं कार्य: हे खर्च दरवर्षी येतात आणि दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात. त्यांची बेरीज करून बाराने भागा. येईल ती रक्कम पुढच्या वर्षी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. हप्ता चुकण्याची किंवा कार्डाचं बिल थकण्याची वेळ पुष्कळदा याच खर्चांमुळे येते.

हप्ता फोडा

वर्षभराचे हप्ते एका ओळीत ‘खर्च’ म्हणून लिहिले तर सगळा ताळेबंदच फसवा होतो. हप्त्यात दोन वेगळे पैसे असतात. व्याज हा खर्च आहे, तो गेला. मुद्दल मात्र तुमच्या घरातला तुमचा वाटा वाढवतं, म्हणून ती बचत आहे.

उदाहरण घेऊ. कर्ज ५० लाख, व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे ४३,३९१. पहिल्या वर्षात तुम्ही साधारण ५ लाख २१ हजार भरता. त्यातले ४ लाख २१ हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम १ लाखाने कमी होतं. पुढचा आकडा पाहून बरेच जण दचकतात: निम्मी मुदत म्हणजे १० वर्षं संपतात, तेव्हा शिल्लक मुद्दल २५ लाख नसतं, सुमारे ३५ लाख असतं. ते निम्म्यावर यायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. यात कोणी फसवत नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, म्हणून हप्त्याचा मोठा भाग व्याजच खातं.

आता बचतीचा खरा आकडा काढता येतो. समजा वर्षाची मिळकत १५ लाख, हप्ता सोडून खर्च ८ लाख आणि हप्ते ५.२ लाख. हातात १.८ लाख राहिले, म्हणजे बचत १२ टक्के दिसते. त्यात फेडलेलं मुद्दल मिळवलं की ती साडेअठरा टक्क्यांच्या आसपास जाते. हे कळलं की ‘आपलं काहीच साठत नाही’ ही खंत थोडी कमी होते. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. हे मुद्दल अडीअडचणीला हातात येत नाही, त्यामुळे मोकळ्या पैशाची गरज त्याने भागत नाही.

व्याजदर आणि मुदत तपासा

दर स्थिर असेल तर हा भाग पाच मिनिटांत उरकतो. दर बदलता असेल तर इथेच जास्त वेळ द्या. दर वाढला की हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवायची, अशी पद्धत अनेक कर्जांत असते. खात्यातून जाणारी रक्कम बदलत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. वरच्या उदाहरणात एका वर्षानंतर दर ८.५ वरून ९ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर उरलेले २२८ हप्ते वाढून सुमारे २५१ होतात. अर्ध्या टक्क्यासाठी जवळपास दोन वर्षं!

म्हणून उताऱ्यातली उरलेली मुदत मूळ वेळापत्रकाशी ताडून पाहा. ती वाढली असेल तर बँकेला लेखी विचारा. नव्या कर्जदारांना आज काय दर मिळतोय तेही बघा. जुन्या कर्जदाराचा दर त्याहून बराच जास्त असेल, तर कमी दरासाठी अर्ज करता येतो का आणि त्याचं शुल्क किती, ही चौकशी कराच. दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचा विचार असेल, तर प्रक्रिया शुल्क, कागदपत्रांचा खर्च आणि उरलेली वर्षं हे सगळं धरून हिशेब मांडा. मुदत थोडीच उरली असेल तर हा खटाटोप सहसा परवडत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग तोवर भरून झालेला असतो.

घराची निव्वळ मालमत्ता काढा

खात्यातले पैसे, ठेवी, गुंतवणूक आणि घर एका बाजूला. गृहकर्जाचं शिल्लक मुद्दल, कार्डाची थकबाकी आणि इतर कर्जं दुसऱ्या बाजूला. वजाबाकी करा आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करा. घराची किंमत खरेदीच्या भावानेच धरावी, असं माझं ठाम मत आहे. आजचा अंदाजे भाव लावला की कागदावर आपण श्रीमंत होतो आणि वर्षभराचा ढिसाळपणा त्याखाली झाकला जातो. राहतं घर विकायचं नसेल, तर त्याच्या भावाने तुमचं रोजचं काही बदलत नाही.

उरलेल्या पैशाचं काय करायचं ते ठरवा

इथे क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी कार्डाची थकबाकी आणि महागडी वैयक्तिक कर्जं संपवा, कारण त्यांचं व्याज गृहकर्जाहून खूप जास्त असतं. मग हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढा आपत्कालीन निधी. मिळकत अनियमित असेल तर त्याहून जास्त. कमावत्या माणसाचा विमा निदान शिल्लक कर्ज फिटून घरच्यांना काही वर्षं पुरेल इतका आहे ना, हेही याच वेळी बघा. यानंतर जे उरेल ते कर्जात भरायचा विचार करावा.

जादा भरलेली रक्कम थेट मुद्दलातून वजा होते, म्हणून ती जितकी लवकर तितका फायदा मोठा. आपल्याच उदाहरणात पहिल्या वर्षाअखेरीस २ लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे २१ हप्ते वाचतात आणि एकूण व्याज सात लाखांहून अधिक कमी होतं. तेच २ लाख दहाव्या वर्षाअखेरीस भरले तर जेमतेम १० हप्ते आणि अडीच लाख व्याज वाचतं. एकरकमी पैसे नसतील तर हप्ता वाढवून मागा. दुसऱ्या वर्षापासून महिन्याला फक्त २,००० जास्त दिले तरी कर्ज सुमारे २३ महिने आधी फिटतं. पगारवाढीच्या महिन्यातच हे केलं तर जाणवतही नाही.

पण जादा रक्कम भरताना दोन गोष्टी आधी विचारून घ्या. मुदतीआधी परतफेड केल्यास काही आकार लागतो का, हे करारात वाचा. स्थिर दराच्या कर्जात तो असण्याची शक्यता जास्त. दुसरं, हप्ता कमी करायचा की मुदत, हे लेखी कळवा. महिन्याची ओढाताण नसेल तर मुदतच कमी करा, व्याज त्यात जास्त वाचतं.

कर्जात भरावं की गुंतवावं, हा वाद घरोघरी चालतो. कर्जात भरलेल्या पैशावर तुम्हाला कर्जाच्या दराइतका खात्रीचा परतावा मिळतो. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर त्यातून तेवढा भाग वजा करा. कर भरून झाल्यावर याहून जास्त, आणि तितक्याच खात्रीने, देणारी जागा तुमच्याकडे असेल तर तिथे गुंतवा. शेअर बाजारातला अपेक्षित परतावा या तुलनेत थेट बसवू नये, त्यात जोखीम आहे आणि हप्त्याची तारीख बाजाराकडे बघून पुढे सरकत नाही.

पुढच्या वर्षासाठी एक पान लिहा

एका पानावर आजची तारीख, शिल्लक मुद्दल, उरलेले हप्ते, चालू व्याजदर, आपत्कालीन निधी आणि निव्वळ मालमत्ता लिहा. त्याखाली पुढच्या वर्षाअखेरीस मुद्दल किती असायला हवं तो आकडा मांडा, वेळापत्रकातला आणि जादा भरणा धरून तुमचा स्वतःचा, असे दोन्ही. हे पान कर्जाच्या फायलीत सगळ्यात वर लावा, फाईल कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला दाखवा आणि सहा महिन्यांनी मुद्दलाचा आकडा एकदा ताडून पाहण्यासाठी फोनमध्ये आठवण लावून ठेवा.