मागे घेतलेला शोधनिबंध काढायचा नसतो

संदर्भ विभागात नवीन आलेल्यांचा हमखास प्रश्न असतो: शोधनिबंध रिट्रॅक्ट झाला, म्हणजे अधिकृतपणे मागे घेतला गेला, की आपणही तो काढून टाकायचा ना? नाही. तो ठेवायचा आणि त्यावर ठळक खूण करायची. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला आणि २०१० साली पूर्णपणे मागे घेतला गेला. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो आजही आहे, फक्त मागे घेतल्याच्या लाल शिक्क्यासह. मधल्या काळात ज्यांनी त्याचा आधार घेतला किंवा तो खोडून काढला, त्यांचं लिखाण समजायला मूळ मजकूर लागतोच.

खरी डोकेदुखी असते ती प्रकाशकाच्या हाताबाहेर गेलेल्या प्रतींची. लॅन्सेटच्या छापील ३५१व्या खंडाचं ६३७वं पान, म्हणजे वेकफील्ड यांचाच निबंध, उघडा. छापून आलं तेव्हा होतं तसंच आहे, कोरं करकरीत, कसलीही सूचना नाही. आधीच डाउनलोड करून ठेवलेल्या पीडीएफचंही तेच. काही ग्रंथालयं अशा पानाला सूचनेची चिठ्ठी चिकटवतात. सगळ्यांसाठी हे करू म्हणाल तर जमायचं नाही: २०२३ या एकाच वर्षात जगभरात १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले, त्यातले ८,००० हून अधिक एकट्या हिंदावी या प्रकाशकाचे. माझं विचाराल तर वैद्यकातले, वारंवार मागितले जाणारे खंड तेवढे धरा आणि बाकीचा वेळ वाचकांना शिकवण्यात घाला.

शिकवण्याची सुरुवात झोटेरोपासून, म्हणजे संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरपासून करा. संग्रहात मागे घेतलेला निबंध असेल तर २०१९ पासून झोटेरो लाल पट्टी दाखवतं. त्यामागची माहिती, मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमधून येते. तो डेटाबेस डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०२३ साली घेऊन सगळ्यांना खुला केला. पण ही जुळवणी होते डीओआय किंवा पबमेड (वैद्यकीय निबंधांची सूची) क्रमांकावरून. हाताने टाइप केलेल्या नोंदीत बहुतेक वेळा दोन्ही नसतात, त्यामुळे पट्टी येत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. म्हणून कुणी संदर्भसूची घेऊन आलं की मी आधी बिनक्रमांकाच्या नोंदी बाजूला काढते आणि त्या एकेक करून शोधते. कंटाळवाणं काम आहे, पण सापडायचं ते तिथेच सापडतं.

एकदा तपासलं की झालं, असंही नाही. सर्जिस्फिअर या कंपनीच्या आकडेवारीवरचा, कोविडसाठीच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचा निबंध लॅन्सेटने २२ मे २०२० ला छापला आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला. दरम्यान कुणी शोध घेऊन यादी बंद केली असेल, तर त्या यादीत तो तसाच बसलेला असणार. प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासायला सांगा.

‘मागे घेतला’ एवढंच वाचून कुणाला लबाड ठरवू नका. सूचना उघडा, कोणी मागे घेतला आणि का, ते वाचा. भूमध्यसागरी आहारावरच्या प्रेडिमेड या चाचणीचा निबंध २०१३ सालचा. सहभागींच्या गटांतल्या यादृच्छिक (योगायोगावर सोडलेल्या) वाटणीत काही ठिकाणी गडबड आढळल्यावर लेखकांनीच तो २०१८ साली मागे घेतला आणि सुधारित विश्लेषण पुन्हा प्रसिद्ध केलं.

सगळ्यात अवघड प्रसंग आपल्याच रिपॉझिटरीत, म्हणजे संस्थेच्या निबंधांच्या ऑनलाइन संग्रहात येतो. “मॅडम, तेवढा तो निबंध उडवून टाका,” असं प्राध्यापक येऊन सांगतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: “सर, उडवला तर लोकांना बाहेरची जुनी प्रत मिळेल. इथे निदान खुलासाही सोबत दिसेल.” मग दुवा तोच ठेवायचा, शीर्षकाआधी ‘मागे घेतलेला’ असं लिहायचं, प्रकाशकाची सूचना जोडायची. आणि पीडीएफच्या प्रत्येक पानावर शिक्का हवाच, कारण लोक नोंद वाचत बसत नाहीत, थेट फाइल उघडतात.