मैदानावरून आलेल्या पोरांसाठी भाजणीचा डबा

सोळा-सतरा वर्षांचं पोर खेळून आलं की स्वयंपाक होईपर्यंत थांबत नाही, आणि त्याने थांबावं असं मला वाटतही नाही. वाढीचं वय आहे. अशा घरात थालीपिठाची भाजणी कायम हवी. २ वाट्या भाजणीत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ घालून कोमट पाण्याने भिजवा, १० मिनिटं झाकून ठेवा. थापल्यावर मधोमध भोकं पाडून तेल सोडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर भाजा, म्हणजे जाड थालीपीठही आतून कच्चं राहत नाही. कांदा घातलेलं पीठ मात्र आदल्या दिवशी भिजवून ठेवू नका, पाणी सुटतं. दोघं-तिघं एकदम आले तर दोन तवे चढवा. सोबत लोणी नाहीतर घट्ट दही हवंच.