प्रवेशाच्या दिवसांची तयारी: कुणालाही दुसरी खेप पडू नये

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की आपली पहिली बैठक बॅनर, पाहुणे आणि हारतुऱ्यांवरच संपते. यंदा सुरुवात बसच्या वेळापत्रकापासून करू या. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा, गुंजी या बाजूची आणि उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी या बाजूची पहिली गाडी बेळगावात किती वाजता पोचते, परतीची शेवटची किती वाजता सुटते, हे एका कागदावर लिहून काढा. काउंटर कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे त्या कागदावरून ठरवा. लांबच्या गावची मुलं सकाळी घ्यावीत आणि दुपारी दोनच्या आत मोकळी करावीत. शहरातल्या मुलांना दुपारनंतर बोलवावं. टिळकवाडीतल्या मुलाला चार वाजता आलं तरी काही बिघडत नाही, कणकुंबीच्या मुलीला मात्र चार वाजता काउंटरवर उभं राहावं लागलं तर घरी जायची पंचाईत होते.

दुसरा कागद शेतीचा. जुलैत खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम भागात भाताची रोपलावणी जोरात असते. लावणीच्या बायका ठरलेल्या असतात, पाण्याची वेळ धरलेली असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आपण पालकांना सहीसाठी बोलावतो. म्हणून प्रत्येकाला दोन तारखा द्या, त्यातली एक रविवारची ठेवा. जिथं फक्त सही लागते तिथं अर्ज मुलाबरोबर घरी पाठवा.

हे सांगायला एक कारण आहे. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा दुसऱ्या एका कॉलेजात काउंटरवर बसत होते. कणकुंबीकडची एक मुलगी आईबरोबर आली. आईच्या लुगड्याचा काठ चिखलानं ताठ झालेला, कागद खताच्या पिशवीत गुंडाळून सुतळीनं बांधलेले. सुतळी सोडायलाच दोघींना पाच मिनिटं लागली. सगळं होतं, फक्त टीसीवर, म्हणजे आधीचं कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर, शिक्का नव्हता. मी नियम सांगितला. आई म्हणाली, "उद्या आमची लावणी हाय मॅडम, परवा आलं तर चालतंय की?" मी चालतंय म्हणाले. परवा पावसानं झोडपून काढलं, त्या बाजूच्या गाड्या बंद झाल्या. ती मुलगी पुढंही आली नाही. यादीत तिच्या नावापुढं 'गैरहजर' असं मीच लिहिलं. तिच्या आधीच्या कॉलेजला एक फोन करता आला असता, हमीपत्र लिहून घेता आलं असतं. तेव्हा ते सुचलं नाही.

त्यामुळं माझ्या यादीत सगळ्यात वर हमीपत्राचा छापील नमुना असतो. कोणता कागद राहिला, तो किती तारखेपर्यंत आणायचा, अडचण आली तर कुणाला फोन करायचा, एवढ्या तीन ओळी पुरतात. मुदत पंधरा दिवसांची ठेवा. प्राचार्यांची परवानगी आधीच लेखी घेऊन ठेवा, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला स्वतःच्या अंगावर घेतल्यासारखं वाटत नाही. एखादा कागद नाही म्हणून कुणीही काउंटरवरून परत जाणार नाही, हे सगळ्या सहकाऱ्यांना आदल्या दिवशी तोंडी सांगा आणि भिंतीवरही लावा.

कागदांची यादी मुलांना किमान तीन आठवडे आधी मिळाली पाहिजे, आणि ती कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवी. मुलं दहावीपर्यंत कन्नड शिकलेली असतात, पण यादी घरी वाचणारे वडील बहुतेक मराठी शाळेत गेलेले असतात. यादीत एसएसएलसीचं (दहावी) आणि पीयूसीचं (बारावी) मार्क्स कार्ड, टीसी, आधार, जात-उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, फोटो. मूळ कागद पडताळून तिथल्या तिथं परत द्यायचे. मार्क्स कार्डासारखे मूळ कागद संस्थेनं अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१८ मध्येच बजावलं आहे. झेरॉक्सचं यंत्र त्या दिवसांपुरतं कॉलेजच्या आवारातच आणून ठेवा, नाहीतर भर पावसात मुलं मूळ मार्क्स कार्ड घेऊन रस्त्यापलीकडं पळतात.

नावांच्या घोळासाठी एक वेगळं टेबल लावा आणि तिथं जाणता माणूस बसवा. आपल्या सीमाभागात हा घोळ जास्त होतो, कारण एकच नाव मराठीतून आणि कन्नडमधून अशा दोन वाटांनी इंग्रजीत जातं. ज्ञानेश्वर घ्या. मराठी घरात तो 'डी'नं सुरू होतो, कन्नड उच्चारावरून लिहिणारा कारकून 'जे' नाहीतर 'जी' घालतो. मच्छेजवळच्या तांत्रिक विद्यापीठाच्या आवाराचं नाव 'ज्ञान संगम' आहे, तेही इंग्रजीत 'जे'नंच लिहितात. लक्ष्मी कुठं 'एक्स' घालून येते, कुठं 'केएसएच' घालून. आडनाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. आधारवरचं नाव आणि मार्क्स कार्डावरचं नाव जुळलं नाही की डिजिलॉकरमधून शैक्षणिक क्रेडिटचा बारा आकडी एबीसी आयडी काढताना अडतं, आणि पुढं शिष्यवृत्तीतही अडतं. त्या टेबलावर नुसतं "नाव चुकलंय" म्हणून सोडून देऊ नका. कोणता कागद प्रमाण धरायचा, म्हणजे एसएसएलसीचं कार्ड, आणि दुरुस्ती आधारमध्ये करायची, हे चिठ्ठीवर स्पेलिंगसकट लिहून मुलाच्या हातात द्या. आणखी एक. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं. आज प्रवेश घेणाऱ्या मुलांचे जन्मदाखले त्याआधीचे आहेत, त्यावर जुनंच नाव असणार. ती तफावत समजून कागद परत करू नये, हे नव्या कारकुनांना आठवणीनं सांगा.

ऑनलाइन नोंदणीत खरी अडचण ओटीपीची असते. कर्नाटकातले पदवी प्रवेश २०२१-२२ पासून यूयूसीएमएस या राज्याच्या एकाच पोर्टलवरून होतात. मुलानं अर्ज सायबर कॅफेत भरलेला असतो, मोबाइल नंबर काकाचा नाहीतर कॅफेवाल्याचाच. आपण स्क्रीनसमोर बसून ओटीपी मागतो तेव्हा तो फोन जांबोटीच्या पलीकडं शेताच्या बांधावर असतो, आणि पावसात तिथं रेंज नसते. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये कळवा: ज्या नंबरवर नोंदणी केली तो फोन बरोबर आणा, आधारला जोडलेला नंबर वेगळा असेल तर तोही आणा, आणि अर्जाचा पासवर्ड वहीत लिहून घ्या. चार्जिंगसाठी दोन-तीन एक्स्टेन्शन बोर्ड आणि हॉलमध्ये चालणारं वायफाय ठेवा. सर्व्हर बंद पडला तर काय, हेही आधी ठरवा. अशा वेळी कागद तपासून टोकन द्यावं आणि मुलांना घरी जाऊ द्यावं, ऑनलाइन काम आपण मागाहून करावं आणि ओटीपी फोनवरून विचारून घ्यावा. त्या फोनवर आपण कॉलेजमधून बोलतोय हे त्यांना ओळखता यावं म्हणून कोणत्या नंबरवरून फोन येईल ते टोकनवरच छापा. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका, हे त्यांना बँकेनं शिकवलेलं आहे आणि ते बरोबरच आहे.

शिष्यवृत्तीचं टेबल प्रवेशाच्याच दिवशी लावा, नंतरवर ढकलू नका. राज्याच्या एसएसपी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज करताना जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर लागतो. उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं चालतो, आणि बऱ्याच मुलांनी तो हायस्कूलात असताना काढलेला असतो. तारीख बघा. मुदत संपत आली असेल तर नाडकचेरीला (दाखले देणाऱ्या महसूल कार्यालयाला) आत्ताच अर्ज करायला सांगा. शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळं खातं नुसतं असून भागत नाही, ते आधारशी जोडलेलं आहे का हे पासबुक बघून कळत नाही. मुलाला शाखेत जाऊन विचारायला लावा. कागदांचं ई-अटेस्टेशन (ऑनलाइन साक्षांकन) करणारा आपल्या कॉलेजचा अधिकारी कोण, त्याची खोली कोणती, तो किती वाजता भेटतो, हे पाटीवर लिहा. हॉस्टेलचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर भरायचा असतो, तेही याच टेबलावरून सांगितलं जावं.

चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्या मुलांसाठी एक माणूस राखून ठेवा. ही मुलं महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून येतात, त्यांना मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्राचं काम असतं. त्यांचा महाराष्ट्राचा जातीचा दाखला इथल्या आरक्षणाला चालत नाही. ही गोष्ट फी भरून झाल्यावर कळली तर घरातलं सगळं गणित कोलमडतं, म्हणून त्यांना ती पहिल्या फोनवरच सांगा. बसच्या पासाचंही तसंच. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास बायका-मुलींना मोफत आहे, पण तो कर्नाटकच्या रहिवाशांना. येळ्ळूरच्या मुलीला आधार दाखवून चालतं, चंदगडच्या मैत्रिणीला तिकीट काढावं लागतं. मुलांचा पास सेवासिंधू पोर्टलवरून निघतो. त्याच्या अर्जाला लागणारी कॉलेजची नोंद वेळेत झाली नाही तर पहिला महिना रोजच्या तिकिटातच जातो.

जागेची तयारी थोडक्यात: छत्र्या ठेवायला दाराबाहेर बादल्या, ओल्या फरशीवर पोती, बसायला बाकं, प्यायचं पाणी, बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाच्याही टेबलाच्या खणात नको. चहा आणि पोहे पालकांनाही द्या. पहाटे पाचला निघालेली माणसं असतात.

मदतीला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं घ्या, आणि त्यांच्या बिल्ल्यावर ती कोणती भाषा बोलतात ते लिहा: मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी. निवडताना गावं बघा. गुंजीच्या मुलाला गुंजीचाच दादा भेटला की त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसतं. या मुलांना दोन तास शिकवणीला बसवा, कारण त्यांचं स्वतःचं ज्ञान जुनं झालेलं असू शकतं. राज्यात २०२१ पासूनच्या तीन तुकड्या चार वर्षांच्या रचनेत शिकल्या, २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. मोठा भाऊ वेगळं सांगतो, सर वेगळं सांगतात, आणि मूल गोंधळतं. विषयांची आणि भाषेची निवड याच ठिकाणी फसते. मराठी भाषा म्हणून घेता येते हे माहीत नसल्यानं मुलं दुसरीच खूण करून मोकळी होतात. तुमच्या कॉलेजात मराठी असेल तर तो रकाना बोट ठेवून दाखवा आणि निवड मुलावर सोडा.

ओळखीचा कार्यक्रम नोंदणीच्या दिवशी ठेवू नका. रांगेत दमलेलं मूल भाषण ऐकत नाही, त्याचं लक्ष दाराबाहेरच्या बसकडं असतं. वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात रोज दीड-दोन तास घ्या. यूजीसीनं २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावानं याची रूपरेषाच दिली आहे, अभियांत्रिकीला तर तंत्रशिक्षण परिषदेनं तीन आठवडे सांगितले आहेत. पाहुण्यांची भाषणं पहिल्या दिवशी अर्ध्या तासात आटपा. बाकीचे दिवस कामाच्या गोष्टींचे: ग्रंथालयात नेऊन प्रत्येकाला स्वतः एक पुस्तक काढायला लावणं, हजेरीचा नियम, अंतर्गत गुण कसे धरतात, परीक्षेचा अर्ज कुठं भरायचा. इंग्रजीतून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांची वेगळी बैठक घ्या आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोला. पहिले दोन महिने काही कळत नाही असं वाटतं, हे त्यांच्याच वाटेनं गेलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं सांगितलं तर पटतं. चंदगडकडच्या मुलांना कन्नड अक्षरं येत नाहीत, त्यांना बसच्या पाट्या ओळखायला शिकवा. एक तास पुरतो. आपल्याकडं कन्नड शिकवणारे सहकारी हा तास आनंदानं घेतात, असा माझा अनुभव आहे.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र मूल आणि पालक अशा दोघांचंही लागतं, यूजीसीचे २००९ चे नियम तसे आहेत. ते भरून घेताना नुसती सही घेऊ नका, त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा, आणि १८००-१८०-५५२२ हा मदतीचा नंबर मुलांना तिथंच फोनमध्ये साठवायला लावा. मुली रात्रीच्या वसतीच्या गाडीनं जात असतील तर एका गावच्या मुलींची नावं एकमेकींना कळवून द्या.

नोंदणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडप उतरवण्याआधी, न आलेल्यांची यादी काढा. दोघांना खुर्च्या द्या, फोन द्या, आणि प्रत्येक नावाला फोन लावायला सांगा. लागला नाही तर संध्याकाळी पुन्हा. तरी लागला नाही तर त्या गावचं कोण मूल आपल्याकडं आहे ते बघा आणि त्याच्याजवळ निरोप द्या. हमीपत्रांची फाइल त्याच टेबलावर ठेवा, आणि दहाव्या दिवशी ती उघडायची म्हणून कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.