घरी बांधलेल्या विमानाच्या पॅनेलमध्ये रेडिओ स्टॅक बसवताना

रेडिओ स्टॅक म्हणजे पॅनेलमध्ये एकाखाली एक बसवलेले रेडिओ संच. त्याचे मोजमाप पॅनेलच्या मागच्या बाजूने सुरू करावे. ऑडिओ पॅनेल (हेडफोन-माइकचा आवाज हाताळणारा), नॅव्ह-कॉम (दिशादर्शन आणि संभाषणाचा रेडिओ) आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारा) या प्रचलित संचांची रुंदी सव्वासहा इंच, म्हणजे सुमारे १५९ मिलिमीटर असते. उंची मात्र वेगवेगळी असते: ऑडिओ पॅनेलची साधारण ३३, ट्रान्सपाँडरची ४२ आणि जीपीएससह येणाऱ्या नॅव्ह-कॉमची ६७ मिलिमीटरच्या आसपास. ही बेरीज कोणीही करतो. चुकते ते खोलीचे गणित. रेडिओ ज्यात सरकवतात त्या अकरा इंच खोलीच्या ट्रेमागे कनेक्टर आणि अँटेनाकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलचे वळण यांसाठी आणखी दोन-तीन इंच जागा लागते, कारण आरजी-४०० ही ५ मिलिमीटर जाडीची कोॲक्स केबल २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवणे योग्य नाही. कंट्रोल स्टिक आणि रडर पेडल पूर्ण हलवून त्यांचा कोणताही भाग या जागेत येत नाही, याची खात्रीही याच टप्प्यावर करून घ्यावी.

संचाचा ट्रे हातात आल्याशिवाय पत्रा कापू नये. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून तो कॉकपिटमध्ये लावून पाहावा आणि नेहमीच्या आसनावर पट्टा बांधून बसल्यावर हात कुठवर पोहोचतो ते बघावे. ऑडिओ पॅनेल वर, त्याखाली नॅव्ह-कॉम आणि सर्वांत खाली ट्रान्सपाँडर हा रूढ क्रम मला सोयीचा वाटतो, कारण वारंवार हाताळायची बटणे त्यामुळे नजरेजवळ राहतात. पॅनेलसाठी १.६ मिलिमीटर जाडीचा २०२४-टी३ या मिश्रधातूचा ॲल्युमिनियम पत्रा पुरतो. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून तो मशीनवर कापून घेतला, तरी कापलेल्या खिडकीच्या कडा कानशीने घासून बर (कापताना राहिलेली धारदार कंगोरे) काढण्याचे काम स्वतः करावे आणि चारही कोपरे गुण्याने तपासावेत.

खरी कसोटी ट्रे बसवण्यात आहे. रेडिओ ट्रेमध्ये सरकवल्यावर पुढच्या छिद्रातून ३/३२ इंचाची षट्कोनी किल्ली फिरवली की आतला खटका ट्रेच्या खाचेत अडकतो आणि शेवटचे काही मिलिमीटर रेडिओला आत ओढून मागचा कनेक्टर पूर्ण जोडतो. ट्रे गरजेपेक्षा जरा मागे बसला असेल, तर कनेक्टर पूर्ण जुळण्याआधीच रेडिओची दर्शनी चौकट पॅनेलला टेकते; संच सुरू होतो, पण हादऱ्यांमध्ये मधूनच बंद पडतो आणि दोष वायरिंगमध्ये शोधण्यात वेळ जातो. म्हणून ट्रेच्या पुढच्या कडेची जागा उत्पादकाच्या आकृतीप्रमाणे ठेवावी, ट्रे आधी क्लॅम्पने धरून रेडिओ खरोखर बसवून पाहावा आणि मगच पंच मारून छिद्रे पाडावीत. बाजूचे स्क्रू काउंटरसंक, म्हणजे डोके पत्र्याशी सपाट बसणारे, असावेत. त्यांची डोकी आतून किंचित जरी वर राहिली, तरी रेडिओच्या अंगाला ती घासतात. दोन संचांमध्ये सुमारे एक मिलिमीटरची फट राहू द्यावी. ट्रेच्या मागच्या टोकाला अँगलचा आधार द्यावा, अन्यथा सगळा भार एकट्या पॅनेलच्या पत्र्यावर पडतो.

वायरिंग टेबलावर करून ठेवणे विमानात वाकून करण्यापेक्षा केव्हाही चांगले. टेफझेल या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची वायर वापरावी, कनेक्टरच्या पिना वायरवर योग्य क्रिम्पिंग टूलनेच दाबाव्यात आणि प्रत्येक संचाला स्वतंत्र ब्रेकर किंवा फ्यूज द्यावा. हेडफोन व माइकचे जॅक धातूच्या पॅनेलला थेट टेकू देऊ नयेत. त्यांना इन्सुलेटिंग वॉशर घालून त्यांची ग्राउंड वायर ऑडिओ पॅनेलपर्यंत न्यावी. आवाजाच्या वायरींचे शील्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) उत्पादकाने सांगितलेल्या एकाच टोकाला ग्राउंड करावे. हे टाळले की इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढ-उतरणारी शिट्टी कानात येते आणि ती नंतर काढणे कटकटीचे होते.

रेडिओ आत सरकवण्यापूर्वी रिकाम्या ट्रेच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावून वीज नेमक्या पिनांवरच येते आहे हे तपासावे. या पाच मिनिटांत महागडा संच वाचतो.

संभाषणाच्या रेडिओचा, म्हणजे व्हीएचएफ, अँटेना सुमारे ६० सेंटिमीटरचा आणि ट्रान्सपाँडरचा जेमतेम ७ सेंटिमीटरचा असतो. दोघांमध्ये शक्य तितके अंतर ठेवावे, आणि विमानाचे आवरण फायबरचे असल्यास अँटेनाखाली धातूच्या जाळीचा पाया, म्हणजे ग्राउंड प्लेन, द्यावे. सांगलीच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभ्या विमानाचे पॅनेल चांगलेच तापते, म्हणून संचांच्या मागे छोटा पंखा बसवणे मला चैन वाटत नाही.

रेडिओवरून प्रसारण करण्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो हाती आल्यावर कराडच्या धावपट्टीवर, संबंधितांच्या परवानगीने, आधी इंजिन बंद ठेवून आणि मग चालू करून बोलण्याची चाचणी घ्यावी. शेवटी सर्व संच चालू असताना होकायंत्राची तपासणी करून प्रत्येक दिशेचा फरक नव्या तक्त्यावर नोंदवावा, कारण पॅनेलमागे आलेले नवे लोखंड आणि वीजप्रवाह यांनी जुना तक्ता निरुपयोगी झालेला असतो.