हृदयाचे आणि रक्ताचे विकार असलेल्यांना मालिश करताना या चुका टाळा

"बीपी आहे का?" असे विचारायचे, "नाही" हे उत्तर ऐकायचे आणि लगेच तेल कोमट करायला घ्यायचे, ही आमच्या व्यवसायातली सर्वांत जुनी चूक आहे. गेली २२ वर्षे मी ती नव्या मुलामुलींना करताना पाहत आले आहे. समोरचा माणूस खोटे बोलत नसतो. रोज सकाळी गोळी घेतल्यावर यंत्रावर १२०-८० दिसते, त्यामुळे त्याच्या लेखी त्याला बीपीचा त्रास नसतोच. स्टेंट (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकून वर्ष झालेले काकाही "हार्टचे काही नाही, ते केव्हाच झाले" असे मनापासून सांगतात. म्हणून मी आजाराचे नाव विचारतच नाही. "रोज कोणकोणत्या गोळ्या घेता, त्यांच्या स्ट्रिप्स जरा दाखवता का?" असे विचारते, आणि गोळ्यांचा तो प्लास्टिकचा डबा समोर येईपर्यंत माझी बॅग उघडत नाही.

त्या डब्यात मी सर्वांत आधी रक्त पातळ करणारी औषधे शोधते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिनोकुमारॉल, ॲपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन आणि डॅबिगॅट्रॅन ही नावे मी प्रत्येक शिकाऊ व्यक्तीकडून पाठ करून घेते, कारण ती न वाचल्याची किंमत माझ्या एका ग्राहकाने मोजलेली आहे. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांची कंबर धरली होती. हृदयाची झडप बदललेली आहे, एवढे त्यांनी सांगितले होते. झडप बदलली म्हणजे प्रश्न मिटला, असे मी समजले. "अजून जोर लावा, काही जाणवतच नाही," असे ते म्हणत राहिले आणि मी कोपराने नितंबावर दाब देत राहिले. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. नितंबापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत सगळी मांडी काळीनिळी पडली होती आणि त्यांना बसता येत नव्हते.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी. निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. वॉरफेरिनसारखे औषध घेणाऱ्यांचा तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान आणि काही कृत्रिम झडपांसाठी २.५ ते ३.५ पर्यंत मुद्दाम ठेवलेला असतो. अशा शरीरात खोल दाबाने फुटलेली बारीक रक्तवाहिनी लवकर बंद होत नाही, आणि स्नायूच्या आत होणारा रक्तस्राव त्या वेळी वरून दिसतही नाही. तेव्हापासून रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला मी फक्त तळहाताने, एरवीच्या निम्म्याहून कमी दाबाने मालिश करते. कोपर, अंगठ्याची टोके आणि कपिंग (कातडी ओढून धरणारे पेले लावणे) पूर्ण बंद. ग्राहकाने जोर लावण्याचा कितीही आग्रह केला तरी मी नाही म्हणते. "मालिशच्या दिवशी ती गोळी घेऊ नका" असा सल्ला देणारे लोकही मला भेटले आहेत. त्या एका चुकलेल्या गोळीने झडपेवर किंवा स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. मालिश करणाऱ्याने कोणाच्याही औषधात ढवळाढवळ करू नये.

दुसरी चूक पोटरीची. या चुकीने जीव जाऊ शकतो, म्हणून ती सविस्तर सांगते.

साठीच्या एक काकू मुलाकडे अमेरिकेत चार महिने राहून आठवड्यापूर्वीच परतल्या होत्या. "विमानात बसून बसून पायात गोळे आले आहेत, जरा चोळून द्या," असा त्यांचा निरोप होता. माझ्याकडे शिकणारी मुलगी पुढे गेली होती. मी पोहोचले तेव्हा काकू पालथ्या झोपलेल्या होत्या आणि ती दोन्ही अंगठ्यांनी डाव्या पोटरीतली "गाठ" सोडवत होती. मी तिला थांबवले, कारण त्या पोटरीची कातडी ताणून चमकत होती आणि घोट्याच्या बाजूचा खळगा भरून आला होता. हाताची मागची बाजू टेकवली, तर डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली शिंप्याच्या टेपने मोजले, तेव्हा उजवी पोटरी ३५ आणि डावी ३९ सेंटीमीटर भरली. दोन पायांतला तीन सेंटीमीटरहून अधिक फरक डॉक्टर गंभीरपणे घेतात. घरच्यांना माझा आग्रह पटला नव्हता, तरीही त्याच संध्याकाळी डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी झाली. गुडघ्यामागून मांडीपर्यंतच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती.

ती गुठळी चोळण्याने सुटली असती तर रक्ताबरोबर थेट फुप्फुसात जाऊन अडकू शकली असती. लांबचा प्रवास, गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, प्लास्टर, दीर्घकाळ अंथरुणाला खिळणे आणि कर्करोगाचे उपचार या सर्वांत हा धोका वाढतो. आपल्याकडे रोज मालिश करून घेणारी सव्वा महिन्यातली बाळंतीणही याच यादीत येते, हे बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बायकांना कोणी सांगतच नाही. एकच पाय सुजलेला, दुखरा किंवा गरम असेल, तर त्याला हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचे. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर सरळ रुग्णवाहिका बोलवायची. पाऊल वर दाबून पोटरी दुखते का ते पाहण्याची युक्ती अजून शिकवली जाते; ती भरवशाची नाही, आणि दुखले नाही म्हणून गुठळी नाही असे मुळीच ठरत नाही.

दोन्ही पाय सुजलेले असतील तर विचार वेगळा करावा लागतो. नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून उचलल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर कारण हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत असू शकते, किंवा अॅम्लोडिपिनसारखी बीपीची साधी गोळीही असू शकते. "नेहमी हृदयाच्या दिशेने हात फिरवा" हा नियम सात दिवसांच्या वर्गात शिकून आलेली मुले नेमके इथेच ते पाणी वर ढकलायला लागतात. हृदय आधीच थकलेले असताना त्याच्यावर आणखी भार टाकणे योग्य नाही. "रात्री किती उशा घेता?" हा माझा ठरलेला प्रश्न आहे. सपाट झोपल्यावर दम लागणाऱ्या माणसाला मी आडवे झोपवतच नाही. खुर्चीत किंवा पाठीला तक्के लावून बसवते आणि फक्त हात, खांदे व तळपाय वीस मिनिटे हलकेच चोळते. चार-पाच दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल, म्हणजे अंगात पाणी साठत असावे, तर तेही करत नाही.

मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे दाब देऊ नये. नाडी एकाएकी मंदावून माणूस बेशुद्ध पडू शकतो. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो. त्यावर हात नको आणि विजेची उत्तेजक यंत्रेही नकोत. डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडणे) केलेला हात पूर्ण वगळावा. व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायावरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांवर, दाब देऊ नये. हृदयरोग्याला मालिशनंतर वाफेच्या पेटीत बसवू नये. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्याला झटकन उठवू नये. मी आधी कुशीवर वळवते, मग दोन-तीन मिनिटे पाय खाली सोडून बसवते.

पावसाळ्यात "ताप उतरला, पण अंग फार दुखते" असे फोन येतात. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात आणि प्लेटलेट्स तेव्हाच घसरतात. दीड लाखांच्या वर असायला हवेत त्या कधी ५० हजारांच्या खाली जातात, म्हणून ताजा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी जात नाही. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील, तर रिपोर्टचीही वाट पाहत नाही, दवाखान्यात पाठवते. विदर्भात आणि नंदुरबारकडे काम करणाऱ्यांनी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, चौकशी अवश्य करावी. थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो, त्यामुळे बर्फ नको, गार खोली नको, तेल कोमट असावे आणि आधी पाणी पाजावे. झटका चालू असताना मालिश करू नये. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर खोल दाब कधीच नको.

"डावा खांदा धरलाय, हात जड झालाय, लगेच या" असा फोन आला की मी दोनच गोष्टी विचारते: घाम येतो आहे का, आणि जबड्यात किंवा छातीत दाटल्यासारखे वाटते का. यातले एक जरी उत्तर "हो" आले, तर मी निघत नाही; त्यांना तिथेच बसवून १०८ ला फोन करायला सांगते आणि फोन लागल्याची खात्री होईपर्यंत घरच्या दुसऱ्या माणसाशी बोलत राहते.